खून नव्हे, खूण

कोल्हापुरातल्या आमच्या गल्लीत उन्हाळा नाकातून यायचा. कोपऱ्यावरचं मिरची कांडप सुरू झालं, त्याच्या मुसळांचा धाड-धाड आवाज भिंतींमधून थेट जेवणाच्या ताटापर्यंत पोचला आणि अख्खी गल्ली शिंकायला लागली, की समजायचं, एप्रिल आला. सकाळी कट्ट्यांवर, पत्र्यांवर, जुन्या साड्यांवर मिरच्या वाळत पडायच्या. रंगाला ब्याडगी, चवीला संकेश्वरी, आणि जाळ काढायला मूठभर लवंगी. दुपारी ऊन कललं की बायका सूप घेऊन आमच्या दारात बसायच्या आणि देठं मोडायला सुरुवात व्हायची. आमच्याच दारात, कारण शेजारच्या रूथच्या दारातली चिंच भिंतीवरून वाकून आमच्या अंगणात सावली टाकायची. आईचा नियम असा की ज्या घरच्या मिरच्या, त्या घरानं सगळ्यांना आंबील पाजायचं. नाचणीचं, ताकातलं, वरून ठेचलेला लसूण. हातांची आग होत असायची, तोंडात गार आंबील असायचं, आणि मध्ये गल्लीतल्या सगळ्या लग्नांचा, बाळंतपणांचा आणि भांडणांचा हिशेब चुकता व्हायचा.

मी तिशीला टेकलेय. या वयात लहानपणाबद्दल पुस्तक लिहितेय म्हटल्यावर माझे वडील, अण्णा, म्हणाले, "आत्मकथन लिहायला आधी आत्मा जरा पिकू दे." पिकेपर्यंत थांबायला मला वेळ नाही. ज्यांना थांबायचंय त्यांनी थांबावं. मी तापलेली असतानाच लिहिते. पत्रकं लिहिण्यात हयात चाललीय, तीच सवय.

अण्णा हायस्कुलात मराठी शिकवायचे आणि घरी येऊनही तेच करायचे. त्यांचं आयुष्यभराचं युद्ध एका अक्षराशी होतं. समोरच्या शेवंताकाकूंना 'ण' म्हणता यायचा नाही. पाणी म्हणजे पानी, लोणी म्हणजे लोनी, कोण म्हणजे कोन. रोज सकाळी नळाला पाणी आलं की त्या दारातून ओरडायच्या, "मास्तर, पानी आलं!" आणि अण्णा दाढी करता करता खिडकीतून म्हणायचे, "काकू, पाणी. ण. जीभ वर टाळूला लावा." काकू म्हणायच्या, "पानीच म्हनलं की! भरायचं सोडून जीभ कुठं लावत बसू?" असं रोज. नळ जाईपर्यंत.

मी तेव्हा बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि बुवाबाजीविरुद्ध काम करणाऱ्या एका गटात शिरले होते. गटाचे प्रमुख होते त्यांना आम्ही सगळे नुसतं 'सर' म्हणायचो. पत्रक कसं लिहायचं ते सरांनी शिकवलं. पहिल्या ओळीत वाचणाऱ्याची कॉलर धरायची, शेवटच्या ओळीत प्रश्न टाकायचा, आणि मध्ये त्याला श्वास घ्यायला जागा ठेवायची नाही. 'भोंदूंनो, उत्तर द्या!' 'देवाच्या नावावर किती दिवस?' असली माझी पत्रकं. आईच्या दुधाच्या पातेल्यात कणकेची खळ शिजवून मी ती विजेच्या खांबांवर चिकटवायचे. पातेलं गेलं म्हणून आई चिडायची आणि शुद्धलेखन गेलं म्हणून अण्णा. गल्लीनं माझं नाव 'पत्रकवाली' पाडलं होतं. मला त्याचा अभिमान होता. आजही आहे.

रूथ माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. दोन्ही घरांत भिंत एकच होती. तिच्याकडं खिळा ठोकला की आमच्याकडचं घड्याळ हलायचं. तिचे वडील कागलच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत पाळीवर जायचे, आई मार्थामावशी शिवण करायची. नाताळात त्यांच्याकडून करंज्या यायच्या, दिवाळीत आमच्याकडून चकल्या जायच्या, आणि ईस्टरच्या आधी चाळीस दिवस मावशींच्या घरात मटण शिजायचं नाही, तेव्हा आमच्या घरातही आई रविवारी मटण करताना खिडकी लावून घ्यायची. "उपवासाच्या माणसाच्या नाकाखाली कशाला?" म्हणायची. मी तेव्हा सगळ्या उपवासांवर पत्रक काढण्याच्या बेतात होते. पण त्या लावलेल्या खिडकीबद्दल काय लिहावं ते मला कळायचं नाही.

रूथ नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. ईस्टरनंतर पंधरवड्यानं तिचं शेवटचं प्रॅक्टिकल होतं, वॉर्डात, खऱ्या पेशंटवर. ते झालं की ती सिस्टर. घरात पहिली नोकरीवाली मुलगी. मार्थामावशींनी पांढऱ्या कापडाचा तागा आणून ठेवला होता, पोरगी पास झाली की युनिफॉर्म आपणच शिवायचा म्हणून.

त्या वर्षी गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, दुपारी, शेवंताकाकूंच्या मिरच्या होत्या. रूथ हॉस्पिटलातून आली ती तशीच बसली. सकाळपासून उपाशी होती, आंबीलही घेणार नव्हती, पण हात चालू. मिरची निवडायला तिच्यासारखं कुणी नव्हतं. बाकीच्या बायका एक सूप निवडायच्या तोवर हिची दोन व्हायची, म्हणून गल्लीभर तिला बोलावणं असायचं. शेवटी आईनंच रागावून पितळी पेला तिच्या हातात दिला. "घोटभर घे. देव बघत असला तर मी सांगतो त्येला." रूथनं दोन्ही हातांनी पेला धरला, ओठाला लावला, खाली ठेवला. पेल्याला दोन्ही बाजूंनी लाल डाग.

शेवंताकाकूंनी तिचे हात धरून उलटे केले. दोन्ही तळव्यांच्या बरोबर मधोमध, रुपयाएवढी जागा फुटलेली, आणि तिथनं रक्त येत होतं.

"अगं बाई बाई! खून! खून!"

अण्णा पुस्तक हातात घेऊन बाहेर पळत आले. आणि त्या माणसानं पहिला प्रश्न काय विचारावा? "खून म्हणायचंय का खूण?"

"खून हो मास्तर! देवाची खून! त्यांच्या देवाला खिळं मारल्यालं, बघा, त्याच जागंवर!"

मला आजही हसू येतं आणि अंगावर काटाही येतो. कारण सगळ्या बायका मान वळवून रूथच्या घराकडं बघायला लागल्या होत्या. मार्थामावशींच्या घरातलं कॅलेंडर सगळ्यांनी पाहिलेलं होतं. त्यावरच्या ख्रिस्ताच्या तळव्यांवर मधोमध असेच दोन लाल ठिपके होते.

पुढचं काम शेवंताकाकूंच्या फोननं केलं. त्यांना लिहिता यायचं नाही, पण जावयानं बोलून मेसेज टाकायला शिकवलं होतं. आपण बोलायचं, फोन लिहितो. काकू बोलल्या, आणि फोननं इमानदारीत लिहिलं: 'आमच्या गल्लीत खून. रूथच्या हाताला रक्त. लवकर या.' तो मेसेज हातकणंगल्याच्या पाहुण्यांना गेला, तिथनं इचलकरंजीला, आणि संध्याकाळच्या आत गल्लीच्या तोंडाशी पोलिसांची गाडी.

हवालदार चांगला धिप्पाड होता. गाडीतनं उतरला आणि थेट अण्णांच्यासमोर. "काय पावणं, खून कुठं झालाय?"

शेवंताकाकू पुढं. "झाला न्हाय वो, पडलीया. खून पडलीया."

"पडलीया? म्हंजे बाई हाय? बॉडी कुठाय?"

"बॉडी आत बसलीया की. चहा पियाला लागलीया."

अण्णांना राहवलं नाही. "हवालदारसाहेब, यांना ण म्हणायचंय. ण. बाणातला."

"बाणानं मारलं?"

हसू नका म्हटलं तरी गल्ली हसली. हवालदारही शेवटी हसला, टोपी काढून घाम पुसला, आत जाऊन रूथचे हात बघितले, आणि नकळत एक हात छातीशी नेला, दुसऱ्यानं फोनवर फोटो काढून पुढं पाठवला. तिथंच सगळं बिघडलं. खुनाच्या बातमीला गर्दी होते, पण ती पांगते. देवाच्या बातमीची गर्दी पांगत नाही.

गुड फ्रायडेच्या सकाळी गल्लीत मुंगीला जागा नव्हती. कुणी मेणबत्त्या आणल्या, कुणी नारळ. खण, तांदूळ आणि हळद-कुंकू घेऊन आलेल्या बायका एका ख्रिस्ती मुलीची ओटी भरायला रांगेत उभ्या होत्या आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. देवाचं कुठलंही दार उघडलं तरी आमचे लोक आपलं ताट घेऊनच जातात. प्रत्येकीला रूथच्या तळव्याला आपलं कपाळ लावायचं होतं. मार्थामावशी दाराला पाठ लावून उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर भक्ती नव्हती, भीती होती. त्यांचे पाळकसाहेब सकाळी उपासनेआधी येऊन गेले होते आणि दारातच हळू आवाजात म्हणाले होते, "आपल्या मंडळीत हे असलं मानत नाहीत, बाई. पोरीला जरा विचारून बघा." म्हणजे ज्यांचा देव, त्यांनाच पोरीचा संशय; आणि ज्यांचा नव्हे, ते पायावर डोकं ठेवतायत.

आणि मी? मी खुशीत होते. सरळ लिहिते. रात्रभर फोनवर वाचलं होतं. युरोपात शेकडो वर्षं हाच वाद चाललेला. ख्रिस्ताच्या जखमा भक्ताच्या अंगावर उमटतात. काही म्हणतात दैवी, काही म्हणतात भक्तीच्या ताणानं शरीरच तसं करतं, काही म्हणतात स्वतःच कोरून घेतलेलं. एक मुद्दा मला फार आवडला. खिळे तळव्यात ठोकले तर माणसाचं वजन पेलणार नाही, ते मनगटात ठोकले असावेत, असं म्हणणारे बरेच आहेत. पण जखमा मात्र चित्रात दाखवतात तिथंच, तळव्यात उमटतात. चित्रकाराच्या चुकीची नक्कल देव कशाला करील? मला ते वाक्य सुचलं तेव्हा मी पलंगावर उठून बसले होते. सरांना फोन केला. सर म्हणाले, "सोडायचं नाही. संध्याकाळी येतो. सगळ्यांसमोर हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधून सील करू, आठवडाभर पहारा ठेवू. चॅनेलवाल्यांना सांगतो. तू पत्रक कर, आणि पोरीची संमती घे." मी मथळा टाकला: 'चमत्कार की फसवणूक?'

कागद घेऊन मी परसातल्या दारानं गेले. रूथ मोरीत बसली होती, दोन्ही हात गार पाण्याच्या परातीत. पाणी गुलाबी झालं होतं.

"आलीस? मला वाटलंच. आण इकडं."

तिनं पाण्यातून हात काढला नाही. मी कागद तिच्यासमोर धरला. तिनं वाचलं. मग म्हणाली, "लई भारी लिवलंयस. पण ह्यात मी कुठाय?"

"अगं, सगळं तुझ्याबद्दलच आहे."

"चमत्कार की फसवणूक. दोन खोल्या बांधल्यास. एक देव्हारा, एक पोलीस कोठडी. मी कुठल्या खोलीत ऱ्हाऊ?"

"तू खरं सांग, म्हणजे प्रश्न मिटला. तूच केलंस का हे?"

हा प्रश्न मी विचारला, आणि तो विचारायलाच हवा होता, असं माझं आजही मत आहे. रूथनं माझ्याकडं बघितलं. रागानं नव्हे, वॉर्डात हट्टी पेशंटकडं बघतात तसं.

"वैशे, पंधरा दिवसांनी माझं प्रॅक्टिकल हाय. हाताला उघडी जखम असली की वॉर्डात पाय ठेवू देत न्हाईत. ह्या हातांवर मी तीन वर्षं काढल्यात. मी माझं हात फोडून घीन? आणि देवाला माझ्याशी बोलायचं असतं तर त्यानं माझं कामाचंच हात फोडलं असतं? तोंड हाय की त्याला."

"मग आहे काय हे?"

"मला काय ठाऊक! आग होत्या, खाज येत्या, पाणी भरतंय आणि फुटतंय. दरसाली हुतंय, बारीक. ह्याच दिवसांत. कुणाला बोललो न्हाय. दवाखान्यात दाखवलं आणि कॉलेजात कळलं म्हंजे? एकीकडं ह्या बाया हाताला कपाळ घासाल्यात, दुसरीकडं तू पिशव्या बांधणार. मला कुणी औषध देणार हाय का न्हाय?"

बोलली ती आई. ती माझ्यामागं कधी येऊन उभी राहिली होती कळलंच नाही. "ऊठ," आई म्हणाली. "स्कार्फ बांध तोंडाला. आणि तू गं पत्रकवाली, गाडी काढ."

कोल्हापुरात गाडीवरची प्रत्येक मुलगी डोळे सोडून सगळं स्कार्फमध्ये गुंडाळलेली असते, त्यामुळं मागच्या बोळातून आम्ही तिघी एका मोपेडवर गेलो तरी कुणी वळून बघितलं नाही. पुढं दर्शनाची रांग, आणि देव मागच्या बोळातून दवाखान्यात! सुट्टी असूनही कातडीच्या डॉक्टरीणबाई सकाळपुरत्या बसल्या होत्या. त्यांनी भिंग घेतलं, तळवे बराच वेळ बघितले, बोटांच्या बेचक्या बघितल्या. तिथं साबुदाण्यासारख्या बारीक पुळ्या होत्या, आम्हाला कुणाला दिसल्याच नव्हत्या.

"दरवर्षी होतं?"

"दरवर्षी. ह्याच दिवसांत."

"उपवासाच्या दिवसांत!" मी मध्येच.

"उन्हाळ्यात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "घाम, दिवसभर साबणानं हात धुणं, परीक्षेची काळजी. तळहाताचा इसब आहे हा. पण एवढं फुटायचं कारण नाही. काल-परवा हाताला काही तिखट, जळजळीत लागलं का?"

आईनं स्वतःचे दोन्ही हात पदराखाली घेतले. आठवडाभर गल्लीतल्या निम्म्या घरांच्या मिरच्या रूथनं निवडल्या होत्या. आज जिच्या तळव्याला कपाळ लावायला रांग लागली होती, तिला सूप घेऊन बोलावणाऱ्या त्याच बायका होत्या. त्यात आमच्याही मिरच्या होत्या.

"पण बरोबर मधोमधच का?" मी विचारलं.

"इसब तळव्यावर येतो. पुळ्या मोठ्या होऊन फुटतात. मधेच का, कडेला का, ते मला सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. आणि रूथला, "मलम देते. हात कोरडे, उघडे ठेवायचे. पाणी नाही, साबण नाही, मिरची तर नाहीच. कुणी हात लावायचा नाही. आणि बंद करून घामेजू द्यायचे नाहीत."

"प्रॅक्टिकलपर्यंत बरं हुईल?"

"आराम दिलास तर होईल."

परत येताना आई मध्ये, रूथ मागं. सिग्नलला रूथ आईच्या खांद्यावरून पुढं वाकून मला म्हणाली, "पत्रक लिवूया. पण मी सांगतो तसं."

अण्णांच्या टेबलावर बसलो. ती सांगत होती, मी लिहीत होते, अण्णा लाल पेन घेऊन डोक्यावर. मी एक वाक्य घातलं, 'म्हणून जगात चमत्कार नावाची गोष्ट नसते.' रूथ म्हणाली, "खोड. ते तुझं मत."

"शास्त्र आहे ते!"

"डॉक्टरीणबाई इसब म्हणल्या. चमत्कार नसतोय असं म्हणल्या न्हाईत. इसब उन्हाळ्यानं आला, मिरचीनं फुटला, मान्य. पण गुड फ्रायडेच्याच तोंडावर, त्याच जागी का, ते मी देवाला विचारीन. तुला न्हाय."

"उत्तर आलं तर कळव."

"आलं की पत्रक काढतो."

शेवटी तह झाला. वर तिचं, खाली तिची सही. रेघ ओढून त्याखाली माझं, माझी सही. अण्णांनी दोन्हीकडं फक्त शुद्धलेखन बघितलं. आयुष्यात त्यांनी एवढी निःपक्षपाती गोष्ट दुसरी केली नसेल. तिचं असं होतं: 'मला तळहाताचा इसब झाला आहे. मिरच्या निवडून तो फुटला. मी देव नाही आणि चोर नाही. माझी परीक्षा आहे. हातांना विश्रांती हवी. दर्शन नको, तपासणी नको. घरी जा, आणि ज्यांना प्रार्थना करायची आहे त्यांनी घरून करा.' माझं एका ओळीचं होतं: 'आजारी माणसाला मखरात बसवणं हीसुद्धा क्रूरता आहे.' पहिल्यांदाच माझ्या पत्रकाच्या शेवटी प्रश्नचिन्ह नव्हतं.

संध्याकाळी सर आले. चार कार्यकर्ते, एक फलक, प्लास्टिकच्या पिशव्या, चिकटपट्टी, आणि कॅमेरा घेतलेला एक माणूस. फलक दिसला आणि रांगेतले लोक खवळले. "देवाची परीक्षा घेता काय रे?" "तुमच्या आईच्या हाताला बांधा पिशव्या!" इकडून घोषणा, "बुवाबाजी बंद करा!" दारात मार्थामावशी एकट्या. मी मिरच्यांच्या पोत्यावर चढले. कांडपवाल्याला हात केला. त्यानं मशीन बंद केलं, आणि आठवडाभरात पहिल्यांदा गल्लीला स्वतःचा आवाज ऐकू आला.

मी पत्रक वाचलं. रूथचं आधी.

सर खालून म्हणाले, "वैशाली, खाली उतर. इसब कशावरून? सील करूनच सिद्ध होईल."

"सर, पिशवीत घाम येतो. हात सडतील तिचे. परीक्षा आहे तिची."

"एका परीक्षेपेक्षा चळवळ मोठी आहे."

"मग चळवळीच्या हाताला बांधा," मी म्हणाले. सरांना मी आधी कधी उलट बोलले नव्हते. पण पोत्यावर उभं असलं की आवाज लांब जातो.

रांगेतला एकजण ओरडला, "म्हंजे चमत्कार न्हाय? आमी कागलवरनं आलोय!"

तेवढ्यात खिडकी उघडली. रूथ. दोन्ही तळव्यांवर पांढरं मलम, हात शरण आलेल्या माणसासारखे वर धरलेले. "चमत्कार मला प्रॅक्टिकलला करायचाय, काका! जाऊ द्या की मला अभ्यासाला!"

कुणीतरी हसलं. पण गर्दी हलवली शेवंताकाकूंनी. इतका वेळ त्या ओटीचं ताट घेऊन सगळ्यांत पुढं उभ्या होत्या. त्यांनी मला विचारलं, "काय वाचलीस? मिरच्यांनी फुटलं? कुनाच्या?"

"सगळ्यांच्याच, काकू. काल तुमच्या होत्या."

काकूंनी ताट खाली ठेवलं. स्वतःचे लाल झालेले हात बघितले. मग मागं वळल्या आणि जो आवाज रोज नळाच्या पाण्याला लागायचा तो लावला. "ए! चला, निघा! पोरीला आमी जाळलंय आन पाया कसल्या पडताय! उठा, नारळ घ्या आपापलं!" हवालदार पुन्हा आलाच होता. त्यानंही काठी आपटली. "खून बी झाल्याला न्हाय आन बाण बी न्हाय. चला, गर्दी कमी करा." सर पिशव्या घेऊन निघून गेले. बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग एक दिवस त्यांचाच फोन आला, पुढच्या पत्रकासाठी. मी अजून त्याच गटात आहे. आम्ही अजून भांडतो. पण आमच्या मथळ्यात आता 'की' नसतो.

ईस्टरला मार्थामावशींनी मटण पाठवलं नाही, आम्हा सगळ्यांनाच बोलावलं. रूथला हात वापरायचे नव्हते, म्हणून ती एखाद्या संस्थानिकासारखी मांडी घालून बसली आणि माझी आई तिला घास भरवत होती. आईनं त्या दिवशी एकदाही मिरचीचा विषय काढला नाही. पण प्रत्येक घासातली मिरची बोटानं चाचपून बाजूला काढत होती. प्रॅक्टिकलच्या सकाळी रूथनं हात दाखवले. नवी कातडी आली होती, तान्ह्या पोराची असते तशी, गुलाबी आणि पातळ. वॉर्डात परीक्षक म्हणाले, हात दाखवा. तिनं दाखवले. ते म्हणाले, ठीक आहे, सुरू करा. इतकंच. ती घरी आली तेव्हा मार्थामावशींनी तागा कापायला घेतला होता. निकालाची वाट बघायला त्यांना वेळ नव्हता.

रूथ आता स्टाफ सिस्टर आहे. उत्तर आल्याचं पत्रक तिनं अजून काढलेलं नाही, विचारलं की म्हणते, "चौकशी चालू हाय." दर एप्रिलला ती मेडिकलच्या दुकानातून हातमोज्यांचे खोके आणते आणि गल्लीत वाटते. मोजे घातल्याशिवाय सुपाला हात लावू देत नाही. आमच्या दारात, चिंचेच्या सावलीत, पांढरे मोजे घातलेल्या दहा-बारा बायका गंभीरपणे मिरच्यांची देठं मोडत बसलेल्या असतात. नवा पाहुणा आला की त्याला वाटतं, इथं काहीतरी मोठं ऑपरेशन चाललंय.

परवाच शेवंताकाकूंनी मोजे काढून टाकले. म्हाताऱ्या झाल्यात, घाम येतो म्हणाल्या. घटकाभर निवडलं आणि आग व्हायला लागली. निवृत्त झालेले अण्णा दारात पेपर वाचत होते. काकूंनी लालबुंद तळवा त्यांच्यापुढं धरला.

"बघा मास्तर. माझ्या बी हातावर खून पडली."

अण्णांनी चष्मा सारखा केला. जन्मभराच्या सवयीनं तोंड उघडलं, जीभ टाळूला लागलेली मला दिसली. मग त्यांनी तो हात बघितला आणि म्हणाले, "व्हय काकू. खूनच हाय."

आतून रूथ मलमाची डबी शोधता शोधता ओरडली, "हवालदाराला फोन करू काय?"